हवेची नोंद

केराबाई वाघमोड्यांनी पिशवीतून जर्मनची परात काढली आणि आयोगाच्या टेबलावर, अध्यक्षांच्या पाण्याच्या ग्लासशेजारी, उपडी ठेवली.

"हे काय आणलंत?" अध्यक्षांनी विचारलं.

"परात हाय, सायेब."

"ते दिसतंय. पण कशासाठी?"

"तुमाला ऐकाया."

सभागृहात हशा पिकला. करंजवेढा नगरपालिकेचं ते सभागृह, दीडएकशे माणसं, चार पंखे आणि त्यांतले दोन बंद. मी व्यासपीठाच्या पायाशी एका लहान टेबलापाशी बसलो होतो. माझ्या डाव्या हाताला कंपनीच्या लोकांच्या खुर्च्या होत्या, इतक्या जवळ की त्यांचे मुख्य अभियंता पाठारे पाय हलवायचे तेव्हा माझं टेबल हलायचं.

मी पाणीदर आयोगाचा प्रतिवेदक होतो. म्हणजे सुनावणीत कोण काय बोललं ते लघुलिपीत उतरवून घ्यायचं, मग कार्यालयात बसून त्याचं कार्यवृत्त टंकायचं. हे काम मला मानवलं, कारण त्यात बोलावं लागत नाही. लोकांना वाटतं, जो सतत लिहितो त्याच्याजवळ सांगण्यासारखं पुष्कळ असेल. माझ्याजवळ नव्हतं. घरी पुस्तकं होती आणि कार्यालयात दुसऱ्यांची वाक्यं होती, आणि मला दोन्हींचा आसरा पुरत होता.

प्रकरण साधं होतं. करंजवेढ्याच्या पाणीपुरवठ्याचा ठेका एका कंपनीने घेतला होता. तिने घरोघर स्मार्ट मीटर बसवले. हे मीटर आपला आकडा आपणच कंपनीकडे पाठवायचे, त्यामुळे घरोघर फिरणारा वाचक लागणार नव्हता. त्या मीटरपोटी प्रत्येक घराकडून महिना नव्वद रुपये, दहा वर्षं, असा आकार कंपनीला लावायचा होता. पाण्याचे पैसे वेगळे. आयोगाच्या मंजुरीशिवाय तो लावता येत नव्हता, आणि लोकांच्या हरकती ऐकल्याशिवाय आयोगाला मंजुरी देता येत नव्हती. नियम असा होता की जी हरकत कार्यवृत्तात आली तिला आदेशात उत्तर दिलंच पाहिजे, कारणांसह. जी आली नाही ती कोणी घेतलीच नाही, असं समजायचं.

केराबाई साठीच्या होत्या. शाळेच्या पोषण आहाराच्या स्वयंपाकावर कामाला. घरात त्या आणि त्यांची सून.

"आमच्याकडं पानी चौथ्या दिवशी येतं," त्या म्हणाल्या. "कवा येतं ते कुनाला ठावं न्हाई. सकाळी म्हना, दुपारी म्हना. मग मान्सानं काय कामधंदा सोडून नळाम्होरं बसायचं? म्हनून आमी नळ उघडाच ठेवतो. सगळं गाव ठेवतं. आन् खाली परात उपडी घालतो."

"का?" दुसऱ्या सदस्य बाईंनी विचारलं. त्या मुंबईच्या.

"आवाज व्हावा म्हनून, बाई. पानी पडलं की परात वाजती. शेजारनीच्या घरात असलं तरी कळतं."

"चांगली युक्ती आहे," अध्यक्ष म्हणाले. "पण तुमची हरकत काय?"

"तेच सांगती. पानी एकदम येत न्हाई. आदी नळ असा करतो." आणि केराबाईंनी दीर्घ श्वास घेतला, ओठ मुडपले आणि त्या सूऽऽऽ करू लागल्या. थांबेचनात. मागच्या बाकांवरची पोरं हसली, मग बाया हसल्या. श्वास संपला तेव्हा त्या म्हणाल्या, "हे इतकं न्हाई हं. मी मारुतीला जाऊन, तेल घालून येती तवर हे चालू असतं. मग फट् फट् करतो. मग पानी. आन् त्या सूंच्या वेळेला मीटरचा आकडा पळतो. मी बघितलाय. सुनंनं बघितलाय."

त्यांनी पदराच्या गाठीतून बिल काढलं. "इथं बावीस हजार लिटर लिवलंय. माझ्या घरात दोन पिंपं आन् सात घागरी. तेवढ्यात बावीस हजार कुठं मावलं? मला सांगा, मी बिल भरती."

आता हसणारे थांबले होते.

"आन् त्या मीटरचं भाडंबी आमीच द्यायचं म्हनता. वानी तागडी आनतो ती त्याच्या धंद्याला आनतो. तिचं भाडं गिऱ्हाइकाकडनं घेतो का कवा? आन् तागडी खोटी असली तर तिचं भाडं देनारा येडाच म्हनायचा."

अध्यक्षांना हे आवडलं असावं. ते सदस्य बाईंकडे वाकून काहीतरी हळूच बोलले. त्याच वेळी माझ्या डाव्या हाताला पाठारे शेजारच्या वकिलांकडे पाहत, पण केराबाईंनाही ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले, "बाई, मीटरला काय कळतं हवा कुठली नि पाणी कुठलं? चक्री फिरली की आकडा पडला. आणि हवा कधीपासून फुकट झाली?"

पुढच्या दोन रांगा हसल्या. अध्यक्षांनी वर पाहिलं. "काय झालं?"

"काही नाही, सर," वकील म्हणाले. "गंमत."

"बरं, ते जाऊ द्या. बाई, तुमचं झालं? पुढचे हरकतदार."

केराबाई परात उचलून खाली उतरल्या. माझा हात तोवर ते सगळं लिहून पुढच्या नावाशी पोचला होता. हात लिहितो तेव्हा डोकं लागतंच असं नाही. त्या दिवशी माझं लागलेलं नव्हतं.

पुण्याला आल्यावर मी टंकायला बसलो. आमचे सचिव रांगणेकर स्वच्छ कागदाचे भोक्ते. त्यांचा शब्दच तो होता, 'स्वच्छ करा.' लोक सुनावणीत रडतात, देवाची शपथ घालतात, एकमेकांची उणीदुणी काढतात. ते सगळं धुऊन काढून नेमका मुद्दा तेवढा वाळत घालायचा, हे मला चांगलं जमायचं. खरं सांगायचं तर स्वतःबद्दल अभिमान वाटावा अशी माझ्याजवळ तेवढी एकच गोष्ट होती. केराबाईंची चार पानं मी एका वाक्यात आणली: 'हरकतदार श्रीमती वाघमोडे यांनी प्रस्तावित आकारास विरोध दर्शवून मीटरच्या अचूकतेबाबत शंका व्यक्त केली.'

वाक्य मी दोनदा वाचलं. चांगलं उतरलं होतं.

मसुदा तयार झाला की हरकतदारांना पत्र जायचं: पंधरा दिवसांत कार्यालयात येऊन आपलं म्हणणं वाचावं आणि सही करावी. न आल्यास मसुदा मान्य समजण्यात येईल. माझ्या नोकरीत सहीसाठी आलेले हरकतदार बोटांवर मोजता आले असते. त्यातले बहुतेक वकील.

चौदाव्या दिवशी सकाळी अकराला शिपाई म्हणाला, "निजसुरेसाहेब, तुमच्याकडे एक बाई आल्यात. तुम्हीच पाहिजेत म्हणतात."

केराबाई होत्या. पहाटेच्या एसटीने निघालेल्या. हातात आमचं पत्र, चार घड्या घातलेलं.

"मास्तर तुमीच न्हवं? लिवत बसलेले?"

मी मास्तर नाही असं सांगणार होतो, पण ते लांबलं असतं. मी त्यांना खुर्ची दिली आणि मसुदा काढला.

"मला वाचता येत न्हाई," त्या म्हणाल्या. "सही तेवढी येती. तुमी वाचा."

मी ते वाक्य वाचलं. त्या ऐकत राहिल्या. मी कागद खाली ठेवला तरी ऐकत राहिल्या.

"म्होरं?"

"झालं. एवढंच आहे."

"एवढंच? मी एवढा वेळ बोलले की."

"हा सारांश आहे, बाई. मुद्दा आलाय त्यात."

"कुठला मुद्दा? शंका म्हनजे काय?"

"म्हणजे... मीटर बरोबर आहे का नाही याबद्दल तुम्हाला खात्री नाही, असं."

"मला खात्री हाय," केराबाई म्हणाल्या. "मला खात्री न्हाई असं मी कवा म्हनले? खात्री हाय म्हनून तर आले. मास्तर, हे माझं न्हाई. हे कुनी दुसरीनं म्हनलं असंल."

मी म्हणालो की कार्यवृत्ताची एक पद्धत असते, सगळं जसंच्या तसं घेता येत नाही.

"आन् त्यो सायेब बोलला ते?"

"कोण?"

"चष्म्याचा. तुमच्या शेजारीच होता. चक्री फिरली की आकडा पडला म्हनला. हवा फुकट न्हाई म्हनला."

"ती गंमत होती. वकील तसं म्हणालेच."

"व्हय?" केराबाईंनी माझ्याकडे जरा कीव आल्यासारखं पाहिलं. "माझ्या नळाला आदी गंमत येती आन् मग पानी येतं. बिलात दोन्ही धरतात. मग गंमत एकट्या तुमच्याच कागदातनं कशी काय गळली?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं. महिनाभर आधी माझ्या डाव्या कानापासून दोन हातांवर कंपनीच्या मुख्य अभियंत्याने आपलं मीटर हवा मोजतं हे स्वतःच्या तोंडाने सांगितलं होतं. अध्यक्षांनी ते ऐकलं नव्हतं. सदस्य बाईंनी ऐकलं नव्हतं. ज्या दोन रांगा हसल्या त्या कधीच विसरल्या होत्या. ते माझ्या हाताने लिहिलं होतं, आणि मीच ते धुऊन टाकलं होतं, वाक्य सुबक व्हावं म्हणून.

मी खण उघडून वही काढली. पान सापडलं. केराबाई त्या रेघांकडे वाकून पाहू लागल्या.

"ह्यात मी हाय?"

"आहात."

"ही तर कोंबडीनं उकरल्यावानी दिसती. वाचा बघू."

मी वाचू लागलो. मोठ्याने वाचायची मला सवय नाही. माझा आवाज मलाच परका वाटतो. नळ, परात, शेजारीण इथवर ठीक गेलं. मग ती जागा आली. मी थांबलो. केराबाई वाट पाहत होत्या. मी दाराकडे पाहिलं आणि अगदी हळू सूऽऽऽ केलं. शिपायाने डोकं आत घातलं.

"काय हवंय का, साहेब?"

"नको. जा तू."

"एवढुसा न्हवता," केराबाई म्हणाल्या. "पर चालंल. म्होरं वाचा."

पिंपं, घागरी, तागडी आणि शेवटी पाठाऱ्यांचं वाक्य. ते मी वाचलं तेव्हा त्यांनी मान हलवली. "हे माझं. ह्यावर सही करती."

मी म्हणालो, हे टंकायला दोन-अडीच तास लागतील. त्या म्हणाल्या, परतीची गाडी साडेचारला आहे. मी म्हणालो, सचिवांना विचारावं लागेल. त्या म्हणाल्या, विचारा. सचिव रांगणेकर मंत्रालयात बैठकीला गेले होते, पाचला येणार होते. हे मी केराबाईंना सांगितलं. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

मी धाडसी माणूस नाही. हे मी नम्रतेने म्हणत नाही, ज्यांनी मला पाहिलंय ते सांगतील. माझी नेमणूक कंत्राटी होती, दर वर्षी मार्चमध्ये नूतनीकरण व्हायचं, आणि तो फेब्रुवारी होता. मी कपाटातून आयोगाच्या कामकाजाची नियमावली काढली. कोंडीत सापडलो की मी पुस्तक उघडतो, दुसरं काही येत नाही. त्यात सतरावा नियम होता: सुनावणीत उच्चारलेला कोणताही भाग अध्यक्षांनी 'कामकाजातून वगळण्यात येत आहे' असे स्पष्ट शब्दांत सांगितल्याशिवाय वगळता येणार नाही. मी वही पुन्हा पाहिली. अध्यक्ष म्हणाले होते, 'बरं, ते जाऊ द्या.' मी तो नियम चार वेळा वाचला. मग यंत्रात कागद चढवला.

केराबाई बाहेर बाकावर बसल्या. दीड वाजता त्यांनी फडक्यातली भाकरी सोडली आणि अर्धी माझ्यासाठी शिपायाबरोबर आत पाठवली, वर शेंगदाण्याची चटणी. मी डाव्या हाताने खाल्ली आणि उजव्याने टंकत राहिलो. आवाजाशी पुन्हा अडलो. कार्यवृत्तात सूऽऽऽ असं लिहायचं? मी लिहिलं. कंसात '(आवाज करून दाखवतात)' असंही लिहिलं, मग ते खोडलं. त्या काही करून दाखवत नव्हत्या, सांगत होत्या.

पावणेचारला त्यांनी पानापानावर सही केली. सावकाश, प्रत्येक अक्षर वेगळं. 'केराबाई धोंडिबा वाघमोडे' असं पाच वेळा.

"मास्तर, ह्याला आता कुनी हात लावनार न्हाई न्हवं?"

"हरकतदाराची सही झाल्यावर बदलता येत नाही."

"बरं झालं. तुमी भित्रे दिसता म्हनून इचारलं."

सचिव पाचला आले. मसुदा त्यांच्या टेबलावर ठेवून मी उभा राहिलो. ते वाचत गेले आणि बत्तिसाव्या पानावर थांबले.

"निजसुरे, हे काय आहे?"

"साक्ष, साहेब. श्रीमती वाघमोडे यांची."

"मी आधी पाहिला तो मसुदा असा नव्हता. आयोगाच्या कार्यवृत्तात सूऽऽऽ? आणि हे पाठाऱ्यांचं काय घातलंयत? कॉफी पिताना माणूस काही बोलतो, ते आपण आदेशाच्या कागदात आणायचं?"

"ते सुनावणीत बोलले, साहेब. कॉफी अकराला होती."

त्यांनी चष्मा काढला. "तुम्ही मला उत्तर देताय?"

"नाही साहेब. म्हणजे... सतरावा नियम आहे. वगळण्याचे शब्द उच्चारले गेले नव्हते. मी पाहिलं."

"मला नियम शिकवताय?"

"नाही. मला खात्री नव्हती, म्हणून पाहिला."

रांगणेकरांनी ते पान पुन्हा वरून वाचायला घेतलं. मग खालची सही त्यांना दिसली. "ही बाई इथे आली होती? करंजवेढ्याहून?"

"हो. आताच गेल्या."

"सही करून बसली म्हणजे आता माझ्याही हातात काही नाही." त्यांनी पानांवर आपली आद्याक्षरं टाकली, बत्तिसाव्यावर जरा जोरात. मी दारापर्यंत गेलो तेव्हा म्हणाले, "ती वही जपून ठेवा. मागतील."

मागितली. कार्यवृत्त कंपनीला गेलं आणि तीन आठवड्यांत तिचं लेखी निवेदन आलं: मुख्य अभियंत्यांनी असे कोणतेही उद्गार काढलेले नाहीत, ही प्रतिवेदकाची चूक आहे, सबब सदर भाग वगळावा. आयोगाने पुण्यात फेरसुनावणी लावली.

ते दिवस वाईट गेले. निवेदन वाचल्यापासून मला खरोखरच वाटू लागलं की कदाचित पाठारे बोललेच नसतील. मी पुस्तकं वाचणारा माणूस. रिकाम्या जागी एखादं चपखल वाक्य भरण्याची मनाला खोड असते. 'हवा कधीपासून फुकट झाली' हे जरा जास्तच चपखल नव्हतं का? केराबाईंनीही तेच ऐकलं होतं हे मी स्वतःला समजावायचो, आणि मग वाटायचं, त्यांना मी वाचून दाखवलं म्हणून त्या हो म्हणाल्या असतील. मग आठवायचं की आधी त्या बोलल्या होत्या, मी नंतर वाचलं होतं. असं उलटसुलट चाललेलं असायचं. मार्च आला आणि गेला. माझं नूतनीकरण 'प्रकरणाच्या निकालापर्यंत' राखून ठेवलं होतं, काम तेवढं चालू होतं.

फेरसुनावणीला केराबाई आल्या नाहीत. त्या दिवशी करंजवेढ्याला पाण्याची पाळी होती.

आयोगाने दाणी नावाच्या बाईंना बोलावलं होतं. विधिमंडळातून निवृत्त झालेल्या प्रतिवेदक, सत्तरीच्या पुढच्या, हातात भिंग. माझी वही त्यांच्या पुढ्यात ठेवली. त्यांनी मला पूर्वी कधी पाहिलेलं नव्हतं, माझ्याशी बोलण्याचीही त्यांना परवानगी नव्हती. प्रत्येक प्रतिवेदकाच्या लिपीत त्याच्या स्वतःच्या लकबी असतात. दुसऱ्याला ती वाचणं म्हणजे अनोळखी माणसाच्या स्वयंपाकघरात अंधारात मीठ शोधणं. मी माझ्या टेबलापाशी नवी वही घेऊन बसलो होतो. ही सुनावणीही कोणीतरी लिहून घ्यायलाच हवी होती.

दाणीबाई वाचू लागल्या. एकसुरी, सावकाश, अडखळत. "आमच्याकडं पानी... चौथ्या दिवशी येतं." त्यांनी 'पाणी' म्हटलं नाही. मी 'पानी' असं लिहिलं होतं आणि त्यांनी ते तसंच वाचलं. मीही नव्या वहीत पुन्हा 'पानी'च लिहिलं.

मग त्या थांबल्या. भिंग जवळ नेलं.

"इथे शब्द नाही," त्या अध्यक्षांना म्हणाल्या. "एक सलग रेघ आहे. ओळीच्या टोकापर्यंत."

"कसली?"

"ते लिहिणाराच सांगेल."

अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. एकवीस वर्षांत आयोगाच्या सभागृहात माझा आवाज कोणी ऐकला नव्हता. मी उभा राहिलो.

"आवाज आहे, महोदय. नळाचा. बाईंनी काढलेला. त्याला अक्षर सापडेना, म्हणून रेघ ओढली. त्यांचा श्वास संपला तिथे रेघ संपली."

मी खाली बसलो आणि माझं उत्तर मीच लिहून घेतलं.

दाणीबाई पुढे गेल्या. बिल, पिंपं, तागडी. त्यानंतर समासातली एक बारीक खूण त्यांनी भिंगाखाली धरली. "ही खूण म्हणजे वक्ता बदलला. आडनावाचं पहिलं अक्षर 'प'." आणि मग त्याच एकसुरी आवाजात त्यांनी वाचलं: "बाई, मीटरला काय कळतं हवा कुठली नि पाणी कुठलं. चक्री फिरली की आकडा पडला. आणि हवा कधीपासून फुकट झाली. पुढे कंसात, हशा."

कोणी हसलं नाही. दाणीबाईंनी भिंग ठेवलं. "हात कुठेही थबकलेला नाही. मागाहून घातलेलं नाही. यांनी ऐकलं तसंच लिहिलंय."

कंपनीचे वकील उठले. वाक्य उच्चारलं गेलं असेल असं गृहीत धरलं तरी ते गमतीने, असं काहीसं म्हणू लागले.

"गंमत राहू द्या," अध्यक्ष म्हणाले. "पाठारे, उभे राहा. मी सरळ विचारतो. नळाला पाणी येण्याआधी हवा येते, तिने तुमच्या मीटरची चक्री फिरते की नाही?"

पाठारे उभे राहिले. मला त्यांचा कधी राग आला नाही. हुशार माणूस होता, तोंडाने जरा मोकळा. त्यांनी वकिलांकडे पाहिलं, मग माझ्या पेन्सिलीकडे पाहिलं.

"फिरते, सर," ते म्हणाले.

"आणि हे कंपनीला माहीत होतं?"

"हो. हवा काढायची झडप मुख्य वाहिनीवर बसवता येते. खर्चाचा प्रश्न होता."

मी ते लिहिलं.

आदेश जूनमध्ये सुनावला गेला. अध्यक्षांनी तो स्वतः वाचला. मीटर हे मोजणाऱ्याचं हत्यार आहे, त्यामुळे त्याचा खर्च मोजणाऱ्याने सोसावा. मीटर आकाराची मागणी फेटाळण्यात येत आहे. वाहिन्यांवर झडपा कंपनीने स्वखर्चाने बसवाव्यात. तोवरची बिलं नळ सुटण्याच्या वेळा पाहून दुरुस्त करावीत. त्या बिलांच्या थकबाकीपायी कोणाचाही नळ तोडता येणार नाही. करंजवेढ्यात चार हजारांवर नळजोड होते.

या निष्कर्षाची कारणं देताना अध्यक्ष म्हणाले, "हरकतदार श्रीमती केराबाई वाघमोडे यांचे म्हणणे कार्यवृत्ताच्या पान बत्तीसवर आहे. आयोग ते मुळातून उद्धृत करीत आहे." आणि त्यांनी ते वाचलं. निवृत्त सनदी अधिकारी, भारदस्त आवाजाचे, सहाफुटी गृहस्थ. वाण्याची तागडी त्यांनी वाचली. पिंपं आणि घागरी त्यांनी वाचल्या. शब्द माझे नव्हते, विचार माझा नव्हता, आणि आदेशात कुठेही माझं नाव येणार नव्हतं, ते यायला नकोच होतं. तरीही ते स्वल्पविराम कोणी दिले होते ते मी ओळखत होतो.

त्या दिवसाचं कार्यवृत्त आजही आयोगाच्या दप्तरात असेल. त्यात एके ठिकाणी, आदेशाच्या मध्यावर, दोन ओळींची जागा कोरी आहे. अध्यक्ष तेव्हा काय म्हणाले ते मला सांगता येणार नाही. पुढे बढती झालेल्या रांगणेकरांनी त्या कोऱ्या जागेवर बोट ठेवून विचारलं होतं, "निजसुरे, इथे काय राहिलं?" मी म्हणालो, माझं लिहायचं राहिलं, साहेब, मी ऐकत होतो. त्यांनी पान उलटलं, आणि मी ती जागा कधी भरली नाही.